घरबसल्या इंग्रजी : पावसामुळे की पाऊस पडल्यामुळे?

वसईजवळच्या उमेळ्याहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून छापत नाही. घरची थोडी भातशेती, थोडी भाजी आणि फुलांची वाडी. पहाटेची गाडी धरून त्या नायगावहून माल घेऊन मुंबईला जातात, दुपारी परततात. मुलगी सहावीत आहे आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाते.

पत्राचा मजकूर असा. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या आळीत गुडघाभर पाणी साठले आणि मुलगी दोन दिवस घरी राहिली. शाळेच्या डायरीत एक पान असते : तारीख, गैरहजेरीचे कारण, पालकांची सही. बाईंनी धीर करून आपल्या हाताने लिहिले, ‘माय डॉटर ॲबसेंट बिकॉज रेन.’ डायरी परत आली ती लाल वर्तुळ घेऊन. वर्गातल्या मुलांनी ते वाचले आणि हसली. संध्याकाळी मुलगी म्हणाली, “आई, आता तू नको लिहूस. मीच लिहीन, तू नुसती सही कर.”

पुढे त्या लिहितात : “गुरुजी, तेव्हापासून मी सात वेळा सही केली. काय लिहिले आहे ते एकदाही मला कळले नाही. गणपतीच्या आदल्या दिवशी फुलांची तोडणी होती, माणूस मिळेना, तेव्हा मीच तिला घरी ठेवले. डायरीत काय लिहिलेस विचारले, तर म्हणाली, ताप होता असे लिहिले. खोटे का लिहिलेस? तर म्हणे, खरे कारण इंग्रजीत लिहिता येत नाही, ताप लिहिता येतो. माझ्या वाक्यात चूक तरी काय होती, तेवढे सांगाल का?”

ताई, सांगतो. आणि ‘पुढच्या अंकी दर व वजन यांची वाक्ये घेऊ’ असे मागे म्हटले होते, तो धडा आज बाजूला ठेवतो. वाचकांनी माफ करावे.

आधी हे ऐका, की तुमचे वाक्य टाकाऊ नव्हते. मुलगी, गैरहजर, पाऊस, तिन्ही गोष्टी कळल्या. वाचणाऱ्याला अर्थ लागला, म्हणजे निम्म्याहून अधिक काम झाले. राहिले ते दोन बारीक शब्द. एक ‘वॉज’, म्हणजे ‘होती’. दुसरा ‘ऑफ’. पुरे वाक्य असे : ‘माय डॉटर वॉज ॲबसेंट बिकॉज ऑफ द रेन.’ मध्ये एक ‘द’ आला आहे, तो सध्या मिठासारखा समजा. त्याच्यावर कधीतरी वेगळा अंक खर्चावा लागेल.

‘ऑफ’ का हवा? याचे उत्तर तुमच्या मराठीतच आहे. आपण ‘मुळे’ हा एकच शब्द दोन जागी वापरतो. ‘पावसामुळे ती आली नाही.’ ‘पाऊस पडल्यामुळे ती आली नाही.’ दोन्ही वाक्ये आपल्याला सारखीच वाटतात. पण नीट पाहा. पहिल्यात ‘मुळे’ चिकटला आहे नावाला : पाऊस. दुसऱ्यात तो चिकटला आहे क्रियेला : पडणे. इंग्रजी भाषा ह्या दोन जागा वेगळ्या ठेवते. नुसत्या नावापुढे ‘बिकॉज ऑफ’. आणि कोणी काहीतरी केले, काहीतरी झाले, असे पुरे वाक्य असेल तर नुसते ‘बिकॉज’.

म्हणून लिहायच्या आधी मनात मराठी वाक्य म्हणा आणि ‘मुळे’ कुठे बसला आहे तेवढे बघा. तापामुळे, गर्दीमुळे, पाण्यामुळे, लग्नामुळे म्हटलेत तर ‘ऑफ’ हवा. आल्यामुळे, पडल्यामुळे, झाल्यामुळे, नसल्यामुळे म्हटलेत तर ‘ऑफ’ नको. ‘तापामुळे’ : ‘बिकॉज ऑफ फीव्हर’. ‘ताप आल्यामुळे’ : ‘बिकॉज शी हॅड फीव्हर’. ‘पाण्यामुळे’ : ‘बिकॉज ऑफ द वॉटर’. ‘रस्ता पाण्याखाली गेल्यामुळे’ : ‘बिकॉज द रोड वॉज अंडर वॉटर’. ‘मजूर नसल्यामुळे’ : ‘बिकॉज देअर वेअर नो वर्कर्स’. पाच-सहा वेळा मोठ्याने म्हणून पाहा, जीभ आपोआप वळेल.

पावसाच्या वाक्यात एक गंमत आहे. आपल्याकडे पाऊस स्वतः पडतो, तोच कर्ता. इंग्रजीत म्हणतात ‘इट वॉज रेनिंग’. हा ‘इट’ कोण, असे विचारू नका. तो कोणी नाही. इंग्रजी वाक्याला पहिली जागा रिकामी चालत नाही, तेव्हा कोणीतरी बसवायचा म्हणून बसवलेला आहे. तेव्हा ‘पाऊस पडत असल्यामुळे’ हे ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ असे होते. ‘बिकॉज रेन वॉज फॉलिंग’ म्हटले तर ते चूक नाही, पण रोजच्या बोलण्यात तसे म्हणत नाहीत.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच अधिक महत्त्वाची. आपण मराठी माणसे कारण आधी सांगतो. ‘काल रात्रभर पाऊस होता, आळीत पाणी भरले, रिक्षा येईना, म्हणून मुलगी शाळेत आली नाही.’ आधी नांगरट, मग पेरणी, शेवटी पीक. इंग्रजीत बहुधा पीक आधी दाखवतात : मुलगी आली नाही. मग, का? तर ‘बिकॉज’ आणि कारण. शाळेतल्या बाई, बँकेतले साहेब, हॉटेलचा माल घेणारा माणूस, हे पहिल्या चार शब्दांतच काय झाले ते शोधत असतात. आपण पावसापासून सुरुवात केली की त्यांना वाटते, हे बोलणे कुठे चालले आहे!

पण आपल्याकडेही पीक आधी दाखवण्याची सोय आहेच. ‘ती आली नाही, कारण रस्ता पाण्याखाली होता.’ हा ‘कारण’ वाक्यात जिथे बसतो, बरोबर तिथेच ‘बिकॉज’ बसतो. आणि ‘रस्ता पाण्याखाली होता, म्हणून ती आली नाही’ यातला ‘म्हणून’ जिथे बसतो, तिथे ‘सो’ बसतो : ‘द रोड वॉज अंडर वॉटर, सो शी डिड नॉट कम.’ ‘कारण’ म्हणजे ‘बिकॉज’, ‘म्हणून’ म्हणजे ‘सो’. वाक्याची मोडतोड करावी लागत नाही. दोन्ही तऱ्हा बरोबर आहेत.

मात्र दोन्ही एका वाक्यात घालू नका. ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट, सो आय वॉज लेट’, ही चूक आपल्याकडची पदवीधर मुलेही करतात. तिचे मूळ मराठीतच आहे. आपल्या भाषेला जोड्या आवडतात. जर असेल तर ‘तर’ आला, जरी असेल तर ‘तरी’ आला, जेव्हा असेल तर ‘तेव्हा’ आला. बोलतानाही आपण म्हणतो, ‘कारण गाडी लेट होती ना, म्हणून...’ इंग्रजीत एकटा बैल औत ओढतो. ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय वॉज लेट.’ किंवा ‘द ट्रेन वॉज लेट, सो आय वॉज लेट.’ एक ठेवा, दुसरा काढा.

‘बिकॉज’ने वाक्य सुरू करायचे नाही असे काही शिक्षक सांगतात. तो नियम खरा नाही. सुरू करावे, पण वाक्य अर्ध्यावर सोडू नये. डायरीत नुसते ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ एवढेच लिहिले तर ते लोंबकळत राहते. तोंडी कोणी ‘का’ विचारले तर मात्र तेवढे उत्तर चालते.

आता ‘म्हणून’कडे वळू. हा शब्द फार कामसू आहे आणि त्यामुळेच फसवतो. शाळेच्या व्याकरणात तो तीन खात्यांवर लिहिलेला सापडतो : स्वरूपबोधक, परिणामबोधक आणि उद्देशबोधक. ‘उमेळे म्हणून एक गाव आहे’ हा पहिला प्रकार. त्याचा कारणाशी संबंध नाही, सोडून द्या. ‘पाणी साठले म्हणून भात तगले’ हा दुसरा. ‘पाणी साठावे म्हणून बांध घातला’ हा तिसरा. दुसऱ्यात गोष्ट होऊन गेली आहे. तिसऱ्यात ती व्हावी अशी आपली इच्छा आहे. ओळखण्याची खूण सोपी : ‘म्हणून’च्या आधी साठावे, शिकावे, मिळावे असा ‘वे’ आला की तो उद्देश.

झाल्या गोष्टीला ‘सो’ आणि व्हावी अशा गोष्टीला ‘सो दॅट’. ‘वी बिल्ट अ बंड सो दॅट द वॉटर वुड स्टे इन द फील्ड.’ (हा ‘बंड’ म्हणजे आपला बांधच. इंग्रजांनी तो शब्द हिंदुस्थानातून उचलला आणि आपल्या कोशात घातला. तेव्हा तो म्हणताना लाजायचे कारण नाही.) वाक्य लांब वाटले तर आणखी सोपी वाट आहे, ती ‘टू’ची. ‘पाणी अडवायला बांध घातला’ : ‘वी बिल्ट अ बंड टू होल्ड द वॉटर.’ ‘भाजी विकायला मी दादरला जाते’ : ‘आय गो टू दादर टू सेल व्हेजिटेबल्स.’ मराठीत क्रियेला ‘ला’ लागला की इंग्रजीत क्रियेच्या आधी ‘टू’. तिथे ‘फॉर’ घालण्याची आपली खोड आहे, ‘फॉर सेल व्हेजिटेबल्स’. ती मोडा.

वाचकहो, हे सगळे वाचून कोणी म्हणेल, शेतकरणीला ह्याची उठाठेव कशाला? सरकारी अर्ज मराठीत चालतात. चालतात, आणि मराठीतच करावेत. महाराष्ट्राची राजभाषा मराठी आहे, त्याचा 1964 चा अधिनियम आहे. तिथे इंग्रजीचे ओझे कोणी आपल्या डोक्यावर घेऊ नये. पण ह्या ताईंचा प्रश्न अर्जाचा नाही. त्या जिथे सही करतात, तिथे त्यांच्या नावाने कोणीतरी दुसरे कारण सांगते आहे, हा प्रश्न आहे. घर त्यांचे, मूल त्यांचे, आणि कारणही त्यांचेच असायला हवे.

त्यात त्यांचा दोष किती? त्यांच्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून होते. पहिलीपासून इंग्रजी आले ते 2000 साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्याआधी पहिलीत बसलेल्या बाईला इंग्रजीची पाच-सहा वर्षे मिळाली, तीही परीक्षेपुरती. माझ्या पिढीची तर तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर भिस्त होती. वाक्ये पाठ होती, पण स्टेशनवर कोणी ‘व्हाय’ म्हटले की तोंड उघडत नसे. आणि वसईच्या पट्ट्यात तर घरची बोली वेगळी. कोणाच्या घरी वाडवळी, कोणाच्या घरी कादोडी, कोणाकडे आगरी, कोणाकडे कोळी. शाळेत गेल्यावर पुस्तकी मराठी नव्याने शिकावी लागते. म्हणजे ह्या ताई लहानपणीच एक भाषा ओलांडून दुसरीत गेल्या आहेत. ज्यांच्या घरी पहिल्यापासून पुस्तकासारखेच बोलतात, त्यांना हा अनुभव नाही.

ऐकून शिकायचे असेल तर नायगावच्या फलाटावर फुकट शाळा भरते. लोकलच्या घोषणा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत होतात. गाडी उशिरा असेल तेव्हा कान द्या. मराठीत ‘तांत्रिक कारणामुळे’ आले की इंग्रजीत ‘ड्यू टू’ ऐकू येईल. हा ‘ड्यू टू’ म्हणजे ‘बिकॉज ऑफ’चा कोट-टोपी घातलेला भाऊ. त्याच्यापुढेही नुसते नाव येते, पुरे वाक्य येत नाही. ‘ड्यू टू हेवी रेन’, ‘ड्यू टू इलनेस’. नोटिशीत, पत्रात शोभतो. घरगुती बोलण्यात मी वापरणार नाही. आणि ‘तांत्रिक कारण’ हे सांगूनही न सांगितलेले कारण आहे, ते आपण शिकू नये. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि लोकल बंद पडल्या, तेव्हाचे खरे वाक्य साधे होते : ‘द ट्रेन्स स्टॉप्ड बिकॉज देअर वॉज वॉटर ऑन द ट्रॅक्स.’ कोणालाही कळेल.

विचारणे उलट बाजूने आले तर? ‘व्हाय वॉज शी ॲबसेंट?’ यात ‘वॉज’ मुलीच्या आधी आला आहे. आपण ‘व्हाय शी वॉज ॲबसेंट?’ असे विचारतो, कारण मराठीत ‘ती का आली नाही’ म्हणताना शब्द जागा बदलत नाहीत, नुसता ‘का’ घुसतो. इंग्रजीत ‘व्हाय’ आला की ‘वॉज’, ‘इज’, ‘आर’, ‘डिड’ यांपैकी कोणीतरी उठून पुढे येतो. ‘व्हाय इज द बस लेट?’ ‘व्हाय डिड यू कट द प्राइस?’ हा शेवटचा प्रश्न व्यापाऱ्याला विचारायला पाठ करून ठेवा. आणि कोणी आपल्याला ‘व्हाय’ विचारले म्हणजे तो रागावलाच असे धरू नका. पुष्कळदा ते नुसते विचारणे असते.

‘सिन्स’ आणि ‘ॲज’ हेही कारण सांगतात, पण ‘सिन्स’चा दुसरा अर्थ ‘पासून’ असा आहे. नवशिक्याचा गोंधळ होतो. आज त्यांना हात लावू नका.

एका बाबतीत मात्र आपली भाषा अधिक श्रीमंत आहे, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘तुझ्यामुळे’ आणि ‘तुझ्यापायी’ यांत केवढा फरक! ‘दारूपायी जमीन गेली’ म्हटले की ऐकणाऱ्याला दुःख कळते, दोष कळतो, सगळे कळते. इंग्रजी ‘बिकॉज ऑफ’मध्ये तो कढ नाही. ते चांगल्यालाही चालते, वाईटालाही चालते. चांगल्यासाठी वेगळे हवे असेल तर ‘थँक्स टू’ आहे. ‘पाहुण्यांच्या मदतीमुळे कापणी वेळेवर झाली’ : ‘थँक्स टू अवर रिलेटिव्ह्ज, वी फिनिश्ड द हार्व्हेस्ट ऑन टाइम.’ पण ‘पायी’ला जोड नाही. ते आपले आपल्याकडेच राहील.

आता ह्या पत्रातल्या सर्वांत अवघड जागेकडे येतो. ‘सबब’ हा शब्द घ्या. अर्जाच्या शेवटी आपण लिहितो, ‘सबब विनंती की...’; तिथे तो ‘म्हणून’ आहे, अगदी प्रतिष्ठित. आणि घरात मुलाला म्हणतो, ‘सबबी सांगू नकोस’; तिथे तोच शब्द खोटे कारण झाला. एकाच शब्दात खरे आणि खोटे शेजारी बसले आहेत. इंग्रजीत खऱ्याला ‘रीझन’ आणि टाळाटाळीला ‘एक्स्क्यूज’ असे दोन शब्द आहेत. ताई, तुमच्या मुलीने ताप लिहिला ती सबब झाली. पण तिने ती आळसाने सांगितली नाही. तिच्याकडे शब्द होते ते तापाचे होते. शाळेत शिकवलेल्या नमुन्यांत मुलाला ताप येतो, पोट दुखते, मावशीचे लग्न असते. फुलांची तोडणी त्यात नसते. मग मूल आपल्या घरचे कारण टाकून पुस्तकातले कारण उचलते.

मुलीला कामासाठी शाळेतून घरी ठेवले, याबद्दल शिक्षक म्हणून मी तुम्हाला रागावलोच असतो. एखाद्या दिवसाने आकाश कोसळत नाही, पण त्याची सवय होऊ देऊ नका. मात्र ठेवलेत ते ठेवलेत, आणि लिहायचे ते खरे लिहा. वाक्य हे घ्या :

‘माय डॉटर स्टेड ॲट होम टू हेल्प अस पिक फ्लॉवर्स फॉर द गणपती मार्केट, बिकॉज वी कुड नॉट फाइंड वर्कर्स.’

यात आज शिकलेले दोन्ही आहेत. ‘टू हेल्प’ म्हणजे मदत करायला, तो उद्देश. आणि ‘बिकॉज वी कुड नॉट फाइंड वर्कर्स’ म्हणजे माणसे न मिळाल्यामुळे. ‘मुळे’ क्रियेला लागला आहे, तेव्हा ‘ऑफ’ नाही. पाहा बरे, बसला का?

पावसाच्या दिवसांसाठी दोन वाक्ये डायरीच्या मागच्या पानावर उतरून ठेवा. ‘माय डॉटर वॉज ॲबसेंट बिकॉज ऑफ द रेन.’ ‘शी कुड नॉट कम बिकॉज द रोड वॉज अंडर वॉटर.’ अक्षर मुलीकडून इंग्रजीत काढून घ्या, खाली देवनागरीत तुम्ही लिहा. आणि एक रिवाज आजपासून पाडा. डायरीत आधी मराठीत कारण लिहायचे, तुमच्या हाताने. त्याखाली मुलीने इंग्रजी करायचे. मग तिने ते मोठ्याने वाचायचे आणि प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगायचा, आणि त्यानंतर सही. तुम्हाला ‘फीव्हर’ शब्द आता ओळखता येतो. तो ऐकू आला आणि त्या दिवशी कपाळ गरम नव्हते, तर पेन खाली ठेवा.

पुढच्या खेपेला वर्गात कोणी हसले तर काय करायचे, हेही मुलीने विचारले आहे असे पत्राच्या शेवटी आहे. तिला सांगा, तेच वाक्य त्याला मराठीत लिहायला सांग. ‘पावसामुळे’ आणि ‘पाऊस पडल्यामुळे’ यांत फरक काय, ते विचार. बहुधा त्याला सांगता येणार नाही.

दर आणि वजन यांची वाक्ये पुढच्या अंकी नक्की. मधल्या आठवड्यात कोणाच्या डायरीत, चिठ्ठीत, मालाच्या बिलावर एखादे कारण इंग्रजीत अडले असेल, तर ते मराठीतच लिहून पाठवा. घडले तसे लिहा, नमुन्यातले नको.